आवळा पावडरीच्या रिपोर्टवरचे ९२ टक्के नेमके कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुन्नर भागातला एक महिला बचत गट हिवाळ्यात आवळा पावडर करतो. त्यांनी एका लॅबकडून पावडर तपासून घेतली. रिपोर्टवर ‘डीपीपीएच रॅडिकल स्कॅव्हेंजिंग ॲक्टिव्हिटी : ९२ टक्के’ असं आलं आहे. ताई विचारतात, पाकिटावर ‘९२% अँटीऑक्सिडंट’ छापलं तर चालेल का? शिवाय बाजारातल्या एका पावडरीचा आकडा ९४ आहे असं त्यांना कळलं, तेव्हा आपलं वाळवण्यात काही चुकतंय का, आणि उन्हाचा नाद सोडून ड्रायर घ्यावा का, यावरून गटात दोन मतं पडली आहेत.

मी वनौषधींच्या तपासणीचं काम बरीच वर्षं करते आहे. चूर्णं, अर्क, काढ्यांच्या पुड्या येतात आणि थंडीत आवळ्याचे नमुने जास्त असतात. म्हणून आधी छापण्याबद्दल सांगते: तो आकडा पाकिटावर छापू नका. ९२ आणि ९४ यांत काळजी करण्यासारखा फरकही नाही. ड्रायरचं उत्तर मात्र तुमच्याकडची हवा, रोजचा माल आणि वीज यांवर ठरेल, त्याबद्दल पुढे लिहिते. गटापुढचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. पावडर चांगली झाली की नाही हे ठरवायचं कशावरून, आणि हातातल्या रिपोर्टचा त्यासाठी काही उपयोग होतो का?

आधी ही तपासणी समजून घेऊ. डीपीपीएच हे एक रसायन आहे. मेथॅनॉलमध्ये विरघळवलं की गडद जांभळं द्रावण होतं. त्याच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय असतो, म्हणजे ते ‘फ्री रॅडिकल’ आहे. शरीरात तयार होणारी बरीच रॅडिकल्स क्षणभरही टिकत नाहीत. हे मात्र बाटलीत नीट टिकतं, म्हणून १९५८ पासून या कामासाठी वापरलं जातं. नमुन्यातल्या एखाद्या घटकाने त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग जाऊन फिका पिवळा उरतो. आवळ्याचा अर्क टाकला तर बऱ्याचदा पिपेट हातातून खाली ठेवायच्या आत रंग उतरायला लागतो, बघायला फार छान वाटतं. मग नळ्या अर्धा तास अंधारात ठेवायच्या आणि ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात किती रंग शिल्लक आहे ते यंत्रावर वाचायचं.

तर तुमचे ९२ टक्के हे त्या जांभळ्या रंगाचे आहेत. शंभर भाग रंगापैकी ब्याण्णव भाग गेला, एवढंच तो आकडा सांगतो. पावडरीतला ९२ टक्के भाग अँटीऑक्सिडंट आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. गिऱ्हाईक पाकिटावर वाचेल तेव्हा त्याला मात्र नेमकं तसंच वाटेल, आणि छापायला माझा पहिला विरोध त्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट, नळीत अर्क किती टाकला होता? रिपोर्टवर ‘मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर’ असा आकडा कुठे आहे का बघा. तो नसेल तर ९२ ला काहीही अर्थ नाही, इतकं स्पष्ट सांगते. तुमच्याच पावडरीचा अर्क दहापट पातळ करून टाकला तर आकडा बराच खाली येईल. उलट कडक चहाही भरपूर टाकला तर नव्वदीच्या वर जाईल. डाळिंबाची साल, हिरडा, पेरूची पानं, कशानेही जाईल. आणि एकदा पुरेसा अर्क पडला की आकडा नव्वद-पंचाण्णवच्या आसपास अडतो, कारण उरलेला पिवळा रंगसुद्धा त्या प्रकाशात थोडा मोजला जातो. तिथून पुढे चांगला माल आणि फारच चांगला माल यांत फरक दिसत नाही. दोन पैलवानांना पाच-पाच किलोची पिशवी उचलायला लावून कोणाची ताकद जास्त ते ठरवण्यासारखं आहे हे. म्हणून ९२ आणि ९४ पाहून झोप उडवून घेऊ नका. दोन्ही नमुने छताला टेकलेले आहेत.

मग विचारायचं काय? लॅबला सांगा, ‘आयसी-५०’ काढून द्या. वेगवेगळ्या प्रमाणांत अर्क टाकून अर्धा रंग घालवायला किती लागतो, तो हा आकडा. जितका कमी तितका माल जोरकस. त्याच दिवशी, त्याच द्रावणावर शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिडही चालवायला सांगा, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. एका लॅबचा मार्चमधला आकडा दुसऱ्या लॅबच्या डिसेंबरमधल्या आकड्याशी ताडून बघू नका. द्रावण किती ताजं होतं, अर्क मेथॅनॉलमध्ये काढला की पाण्यात, नळी किती वेळ ठेवली, सगळ्याने फरक पडतो. तुमचं गिऱ्हाईक पावडर मेथॅनॉलमध्ये घालून पिणार नाही, पाण्यात किंवा मधात घालून घेणार. त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर पाण्यातला अर्क तपासून घेतला असता.

आता आवळ्यात हे काम करतं कोण? बहुतेकांना वाटतं, क जीवनसत्त्व. त्याचा वाटा आहेच, पण गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. जुन्या भारतीय पोषण तक्त्यांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असं छापलेलं असायचं आणि अजून सगळीकडे तोच आकडा फिरतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तो २५२ आहे. आवळ्याची जात, तो किती पिकला, तोडल्यापासून किती दिवस गेले, यांनी फरक पडतोच. पण पद्धतीनेही मोठा फरक पडतो. रंगद्रव्याच्या टायट्रेशनने, म्हणजे रंगीत द्रावण थेंब-थेंब टाकून मोजलं तर आवळ्यातले इतर घटकही क जीवनसत्त्वासारखेच वागून आकडा फुगवू शकतात. एचपीएलसी नावाच्या यंत्रावर घटक वेगळे करून बघितलं तरी सावध राहावं लागतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं होतं की म्युसिक ॲसिड आणि गॅलिक ॲसिड यांपासून बनलेले काही घटक क जीवनसत्त्वाच्या जागीच दिसतात आणि तेच समजून मोजले जातात.

‘आवळा कितीही उकळा, त्यातलं क जीवनसत्त्व जात नाही’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. टॅनिनमुळे ते टिकून राहतं, या अर्थाची चर्चा १९३६ च्या ‘बायोकेमिकल जर्नल’मधल्या एका शोधनिबंधापासून चालू आहे. थोडंफार संरक्षण मिळतं हे मलाही पटतं, आवळ्याचा रस आंबट असल्यामुळेही ते जरा सावकाश कमी होतं. पण ‘जातच नाही’ हे खरं नाही. वाळवताना ते कमी होतं, पाकात मुरताना कमी होतं, साठवणीत हळूहळू होतच राहतं. टिकून राहतो तो मुख्यतः टॅनिनांचा गट, म्हणजे आवळ्याच्या तुरटपणामागचे घटक. त्यामुळे तुमच्या पावडरीने जांभळा रंग घालवला याचं बरंचसं श्रेय या तुरट घटकांचं आहे. रिपोर्ट ९२ आला म्हणून क जीवनसत्त्व टिकलं, असा निष्कर्ष काढू नका. ते हवं असेल तर वेगळी तपासणी करावी लागेल, आणि ती एचपीएलसीवरच करा.

‘टोटल फिनॉल’ नावाचीही एक तपासणी लॅब सुचवेल. फोलिनचं रसायन टाकून निळा रंग मोजतात आणि ‘गॅलिक ॲसिडच्या तोडीचे इतके मिलिग्रॅम’ असा निकाल देतात. स्वस्त आणि कामाची आहे. तुरट घटकांचा अंदाज तिच्यातून बरा येतो, फक्त क जीवनसत्त्व आणि काही साखरासुद्धा तिथे निळा रंग देतात हे ध्यानात ठेवा.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण लोक पाकीट घेतात ते शरीरात काहीतरी चांगलं होईल म्हणून. नळीत रंग गेला म्हणजे रक्तात तसंच घडतं, असं समजायला आधार नाही. आवळ्यातली मोठी टॅनिन जशीच्या तशी रक्तात उतरत नाहीत. ती आतड्यात फुटतात, त्यातल्या काहींपासून इलॅजिक ॲसिड होतं आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं युरोलिथिन नावाच्या पदार्थांत रूपांतर करतात. प्रत्येकाच्या आतड्यात जिवाणू वेगळे, म्हणून एकाच चमचाभर पावडरीतून दोन माणसांना मिळणारं वेगळं. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ‘ओरॅक’ आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती. तीही अशीच नळीतली अँटीऑक्सिडंट मोजणी होती. २०१२ मध्ये त्यांनी ती यादी स्वतःच काढून टाकली. कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि माणसाच्या आरोग्यावरच्या परिणामाशी त्यांचा संबंध दाखवता येत नव्हता.

आणि ‘अँटीऑक्सिडंट जितके जास्त तितकं बरं’ हेही तपासून झालं आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल १९९४ मध्ये आला. रोज बीटा कॅरोटिनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत बीटा कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन सिगारेट ओढणाऱ्यांवर आणि ॲस्बेस्टॉसच्या कामगारांवर अशीच चाचणी चालू होती, ती १९९६ मध्ये वेळेआधी थांबवावी लागली. तिथेही कर्करोग वाढलेला दिसला होता. ही गोळीतली शुद्ध रसायनं, मोठ्या मात्रेत, धोक्यातल्या माणसांना दिलेली. त्यावरून आवळा वाईट ठरत नाही. पण नळीतला मोठा आकडा दाखवून आरोग्याचं आश्वासन देऊ नये, हे त्यातून नक्की कळतं.

आवळ्याला आपल्याकडे जो मान आहे तो या आकड्यांच्या फार आधीचा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाची सुरुवातच रसायनाच्या अध्यायाने होते, त्याचा पहिला भाग हिरडा आणि आवळ्याच्या नावाचा, आणि च्यवनप्राश तिथलाच, पाचशे आवळे घेऊन शिजवायचा. वैद्य आजही देतात तो त्यांच्या विचाराने, माणूस बघून, पचन बघून, ऋतू बघून. त्या परंपरेला डीपीपीएचच्या शिक्क्याची गरज नाही. आणि डीपीपीएचने तो विचार सिद्धही होत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवल्या तर गिऱ्हाइकाशी खरं बोलता येतं.

आता वाळवणाकडे येते, कारण पावडरीचं बरं-वाईट बरंचसं तिथेच ठरतं.

आवळा किसला किंवा चिरला की दोन गोष्टी लगेच सुरू होतात. पेशी फुटल्याने त्यातली विकरं (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून तुरट घटकांना तपकिरी करायला लागतात. आणि लोखंड लागलं तर टॅनिन आणि लोह यांची काळी-निळी जोडी जमते. जुन्या लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं आणि आवळा दोन्ही काळे पडतात, ते यामुळेच. तेव्हा स्टीलची किसणी, स्टीलच्या सुऱ्या, स्टीलची किंवा खाद्य दर्जाच्या प्लॅस्टिकची ताटं. यंत्राला कुठे गंजलेला खिळा किंवा बोल्ट उघडा राहिला असेल तर तोही बदला.

चिरण्याआधी आवळे वाफेवर थोडा वेळ धरले तर विकरं मंदावतात, बी सुटायला मदत होते आणि रंग चांगला राहतो. बरेच जण पाण्यात उकळतात. उकळलेलं पाणी चाखून बघा. आंबट-तुरट लागलं तर जे पावडरीत राहायला हवं होतं ते पाण्यात गेलं, इतकं साधं आहे. उकळायचंच असेल तर ते पाणी फेकू नका, सरबताला वापरा. मात्र शक्य असेल तर वाफच द्या.

ऊन, सावली की ड्रायर? ‘सावलीत वाळवलं की गुण टिकतात’ हे पानांच्या बाबतीत बऱ्याचदा खरं असतं. आवळ्यासारख्या रसदार फळाच्या बाबतीत मला ते मान्य नाही. ताज्या आवळ्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. सावलीत, त्यात हवा दमट असेल तर, कीस चार-चार दिवस ओलसर राहतो, तितके दिवस विकरं काम करत राहतात आणि बुरशीला संधी मिळते. डिसेंबरातल्या कोरड्या हवेत, पातळ पसरलेला कीस कडक उन्हात लवकर सुकतो, पण प्रकाश, धूळ आणि माशा यांची किंमत मोजावी लागते. पन्नास ते साठ अंश तापमानाला, हवा खेळती ठेवून, पातळ चकत्या ड्रायरमध्ये सुकवणं मला सगळ्यांत बरं वाटतं. त्याहून जास्त उष्णता नको. लवकर होतं म्हणून ऐंशीवर ठेवलं की वरचा थर कडक होऊन आतला ओलावा अडकतो आणि रंगही जातो.

पण ड्रायर लगेच विकत घ्या असं मी म्हणणार नाही. रोज पंधरा-वीस किलो आवळा येत असेल तर जाळी लावलेला, वर काळा किंवा दाट कापडाचा आडोसा असलेला सोलर ड्रायर पुरेल, थेट ऊनही लागत नाही. माल त्याच्या कैकपट असेल आणि वीज नीट असेल, तरच इलेक्ट्रिक ट्रे ड्रायरचा खर्च निघेल. बी काढून सुमारे सहा ते आठ किलो आवळ्यांतून एक किलो पावडर मिळते हे धरून हिशोब मांडा.

सुकलेली आवळकाठी जितके दिवस अख्खी ठेवाल तितकं चांगलं. पावडर केली की पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि हवा, ओलावा लगेच लागतो. मागणी येईल तशी दळून भरणं हा माझा सल्ला. पारदर्शक पाकीट दिसायला छान असतं, पण प्रकाश आत जातो. ॲल्युमिनियमचा थर असलेलं, हवाबंद पाकीट घ्या. पावडरीच्या गुठळ्या होत असतील तर ओलावा जास्त राहिला आहे किंवा पाकीट हवा घेतं आहे.

वाळवण्याच्या पद्धतीवरून गटात वाद आहे, तर तो तुमच्याच मालावर मिटवता येईल, आणि डीपीपीएच तिथे खरी उपयोगी पडते. एकाच झाडाचे किंवा एकाच दिवशी आलेले आवळे घ्या, नीट मिसळा आणि तीन समान वाटे करा. एक उन्हात, एक सावलीत, एक ड्रायरमध्ये. ड्रायर नसेल तर एखाद्या अन्नप्रक्रिया केंद्रात एका दिवसासाठी मिळतो का ते विचारा. तिन्ही पावडरी सारख्याच बारीक दळा. पाकिटांवर फक्त क, ख, ग लिहा, पद्धत लिहू नका, म्हणजे लॅबमधल्या माणसाच्याही मनात काही राहणार नाही. तिन्हींचा ओलावा मोजून घ्या आणि आयसी-५० व टोटल फिनॉल कोरड्या वजनावर द्यायला सांगा. ओलसर पावडर तपासली तर तिच्यातल्या पाण्यामुळे माल कमजोर दिसतो आणि दोष वाळवण्यावर येतो. सगळे नमुने एकाच दिवशी चालवा. आणि याच पावडरी सहा महिने पाकिटात ठेवून पुन्हा तपासा. मी पाहिलंय, ताज्या पावडरींत फरक थोडा असतो, साठवणीनंतर तो जास्त उघडा पडतो. पॅकिंगचा निर्णय त्यावर घ्या.

पैसे मोजकेच असतील तर मात्र अँटीऑक्सिडंटची तपासणी मागे ठेवा. आधी ओलावा किंवा वॉटर ॲक्टिव्हिटी (बुरशी-जिवाणूंना वापरता येईल असं पाणी किती आहे त्याचं माप) तपासा. वॉटर ॲक्टिव्हिटी ०.६ च्या खाली हवी, म्हणजे बुरशी-जिवाणू वाढणार नाहीत. मग जिवाणू आणि बुरशीची मोजणी, आणि वर्षातून एकदा शिसं वगैरे जड धातू. कोणी तुमची पावडर लहान मुलाला मधातून देणार असेल, तर त्याच्यासाठी हेच आकडे सगळ्यांत महत्त्वाचे.

पाकिटाबद्दल. तुम्ही अन्नपदार्थ म्हणून विकत असाल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे जाहिरात आणि दावे यांविषयीचे नियम लागू होतात. दावा खरा, स्पष्ट आणि दिशाभूल न करणारा हवा, आणि आजार बरा होतो किंवा टळतो असं लिहिता येत नाही. ‘९२% अँटीऑक्सिडंट’ दिशाभूल करणाऱ्यांत मोडेल असं माझं मत आहे. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर परवाना वेगळा, नियम वेगळे, ते तुमच्या भागातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात विचारा.

त्याऐवजी पाकिटावर हे लिहा : आवळे कुठले, कोणत्या महिन्यात तोडले, वाफ देऊन कसे वाळवले, साखर-मीठ-रंग काहीही घातलेलं नाही, कधी दळलं, कधीपर्यंत वापरावं. यातला प्रत्येक शब्द तुम्हाला सिद्ध करता येतो, आणि मोठ्या ब्रँडला एवढं नेमकं लिहिणं सहसा जमत नाही. कोणी मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना घेऊ का असं विचारलं, तर ‘डॉक्टरांना विचारून घ्या’ हेच सांगा, गटातल्या सगळ्या बायकांनी एकच उत्तर द्या.

रिपोर्टची प्रत हाताशी असेल तर चार गोष्टी इथे लिहा : नमुन्याचं प्रमाण, अर्क कशात काढला, अर्धा तासच ठेवला का, आणि ॲस्कॉर्बिक ॲसिडची नोंद आहे का. त्या कळल्या की तुमच्या ९२ बद्दल आणखी काही सांगता येईल.